बोसनला सांभाळताना

एल्डन, किल्ली सरपणाच्या ढिगाखाली आहे.
बोसन दाराआड उभा असेल. भुंकणार नाही.
आधी तुझ्या बुटांचा वास घेऊ दे, मग तुझा.
बासष्ट किलो आनंद अंगावर आला
तर भिंतीला पाठ टेकून उभा राहा.
मी टेकली नव्हती.

स्वयंपाकघरातली जमीन गुळगुळीत आहे,
म्हणून स्टोव्हपासून दारापर्यंत
एकाला एक लावून पायपुसणी अंथरलीत.
झटकलीस तर त्याच क्रमाने परत टाक;
मधे वीतभर जागा उघडी दिसली
तरी तो धक्क्याच्या कडेला यावं तसा थबकतो.

जेवण दोनदा. एकदम सगळं नाही,
डोळ्यांत कितीही पाणी आणलं तरी.
नंतर तासभर पळापळ नको, जिना नको.
पोट नगाऱ्यासारखं ताणलं,
उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही,
असं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस.
डॉक्टरीणबाईंचा नंबर फ्रीजवर आहे.
रात्रीसुद्धा उचलतात, शिव्या देत.

पाणी पिऊन आला की हनुवटी पूस,
नाहीतर तो ती तुझ्या मांडीला पुसेल.

समुद्रात जाईल. जाऊ दे.
न्यूफाउंडलंडचं पाणी तुझ्या पायांना चावेल, त्याला नाही;
तिथे त्याचे खुबे दुखत नाहीत.
परतल्यावर गोड्या पाण्याने धू, मग टॉवेल:
काखा, कानांमागे, बोटांच्या बेचक्या.
वरचे केस सुकलेले वाटतात.
आत बोट घालून बघ,
तिथे अजून समुद्र असतो.

जिन्याच्या खुंटीवर दोन कड्यांचा कापडी पट्टा आहे.
मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाखालून घे.
उचलू नकोस. नुसता भार घे.
चढणारा तोच;
तू फक्त जिना थोडा बुटका करायचा.
पट्टा लिअँडरचा.
इस्पितळातल्या मुलीने मला शिकवला होता,
मग दोन हिवाळे रोज.
बोसन तेव्हा खालच्या पायरीशी बसून बघायचा.
त्याच्या पोटाखाली पहिल्यांदा घातला
तेव्हा हूं की चूं केलं नाही.

मिसेस गीव्हज फाटकातून बिस्किटं देतात.
त्यांना सांग, प्रत्येक बिस्किट माझ्या खुब्यावर
—त्याच्या खुब्यावर बसतं.
चुकून लिहिलं, पण राहू दे.
एकाच वर्षी गेले दोघांचे.
मला सेंट जॉन्समध्ये नवा बसवणार आहेत,
त्याला तू आणि ती पायपुसणी.

कोपरांना व्हॅसलीन. नखं मी आल्यावर बघीन.

आणि हो, रात्री तीनला तो उठेल,
दारापर्यंत जाईल, ऐकेल.
दार उघडू नकोस, बाहेर कुणी नसतं.
"बरं, बरं," एवढंच म्हण.
जमलं तर
थोड्या जाड आवाजात.