वीस हात

बाबांचं नाव यहेज्केल.
त्या संदेष्ट्याला मंदिर मापायला बोरू दिसला होता, म्हणतात.
बाबांना कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा
स्वतःचा हात पुरला.

मांडवीच्या गल्लीत, दोरखंडांच्या दुकानांमागे
आमची मशीद. स्टेशनच्या नावातली ती हीच,
असं बाबा तिकीट काढताना
खिडकीतल्या माणसालाही ऐकवत.

रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा पोरं.
बाबा शहाबादी फरशीवर ओणवे होऊन
हाताने मंदिर मोजत:
साठ लांब, वीस रुंद.
साठ हात काही बसायचे नाहीत.
चॉकची रेघ ओसरी ओलांडून, पायऱ्या उतरून
थेट हातगाडीच्या चाकाखाली जायची.
"शलमोनाचं अंगण दाबून बसलायस," बाबा गाडीवाल्याला म्हणत
आणि त्याला चहा पाजत.

बाहेर पितळ, आत सोनं, हे त्यांनीच शिकवलं.
अंगणात पितळेचा हौद, पितळेचे खांब.
आत जावं तसा धातू बदलतो,
आवाज उतरतो,
माणसं कमी होतात.
सगळ्यांत आत, पडद्यामागे, सोन्याने मढवलेली एक खोली,
वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच.
वर्षातून एक दिवस. एक माणूस.

"मग बाकीचे दिवस तिथे कोण राहतं?"
मिलकाने विचारलं.
बाबांनी चॉक खिशात टाकला. उत्तर दिलं नाही.
पुढच्या रविवारीही नाही.
मिलका आता अश्दोदला असते. फोनवर अजून तेच विचारते.

आता मोजायचं काम माझं.
लेसरचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर टेकतो,
आकडा उमटतो.
माझगाव, डोंगरी, उमरखाडी, पाडायला निघालेल्या इमारती.
एकशे ऐंशी चौरस फूट, दोनशे पंचवीस,
बाल्कनी आत घेतलेली, मोरीवर पोटमाळा,
पंख्याला टेकतील इतक्या रचलेल्या बॅगा.
ठिपका सरकतो तसे लोक मान वळवतात,
इंचभरही सुटू नये म्हणून.

एकदा सवयीने हिशोब केला.
वीस हात गुणिले वीस हात:
नऊशे चौरस फूट.
नऊशे फूट, आणि ठेवलेलं काय, तर एक पेटी,
तिच्यावर पंख पसरलेले करूब.
नंतरच्या मंदिरात तीही नव्हती.
नुसती जागा.
इतकं मोठं रिकामं
या शहरात कुणाच्याच नावावर मला सापडलेलं नाही.

गेल्या वर्षी तोरा ठेवतो त्या हेखालच्या दाराला वाळवी लागली.
खारेपाटणचा भिकाजी मेस्त्री आला.
न सांगता चपला पायरीखाली काढल्या,
खिशातला रुमाल डोक्याला बांधला.
सुतळीने माप घेतलं
आणि जुनं दार खांद्यावर टाकून निघाला.
"ठोकाठोक बाहेर करतो," म्हणाला.
"आतमध्ये बरं नाय वाटत."

तीन आठवडे शेजारच्या टॉवरचं पायलिंग चाललं होतं.
दर दणक्याला टांगलेला दिवा थरथरायचा,
खोबरेल काठाशी येऊन परत जायचं.

मेस्त्री आला तो दुपारी, जेवणाच्या सुट्टीत,
मशीन गप्प असताना.
सागाची दोन पानं. खाच खाचेत.
तळहाताने दाबलं, एकदा.
दार बसलं.

खाणीतच घडवून आणलेले ते दगड,
मंदिर उभं राहताना न ऐकू आलेला हातोडा,
बाबांना सगळं पाठ होतं.
भिकाजीने त्यातलं काही वाचलेलं नव्हतं,
आणि बाबांनीही सांगितलं नाही.
व्हीलचेअर पुढे घेतली,
त्याचा हात धरला,
कोपराला कोपर टेकवून
आपला हात त्याच्या हाताला लावून पाहिला.

मेस्त्रीचा चार बोटं लांब निघाला.

"म्हणजे सगळं पुन्हा मोजायला हवं,"
बाबा म्हणाले, आणि चॉक मागितला.