बक्कल नंबर

सातपूरला, बंद पडलेल्या स्प्रिंगच्या कारखान्यात
आम्ही पोलीस चौकी उभी केली.
थर्माकोलची पाटी, लाल-निळा पट्टा,
'सद्रक्षणाय' लिहिता लिहिता जागा संपली,
खलनिग्रहण पाटीबाहेरच राहिलं.

गांगुर्डेनं पिक्चरपायी छोटा हत्ती विकला होता.
नऊ रात्री, सहा वर्द्या, बुटांचे तीन जोड;
म्हणून आमचे पोलीस
बहुतेक वेळा टेबलामागे दिसतात.

गुंड मात्र चाळीस हवे होते,
आणि आम्ही अकरा.
मरायचं, उठायचं, शर्ट बदलायचा,
मिशी चिकटवायची,
पुन्हा त्याच भिंतीवरून चढायचं.
मी चार वेळा मेलो.
त्यातलं एक मरण कॅमेऱ्याच्या बाहेर गेलं,
ते धरलं नाही.

रक्त बिटाचं, वर साखरेचा पाक,
पहाटेपर्यंत मुंग्यांची रांग लागायची
मेलेल्यांच्या छातीवर, आणि हलायचं नाही.
गोळ्यांचे आवाज मागाहून भरणार होते.
तोंडानं 'ठो' म्हणायचं नाही अशी सक्त ताकीद.
सोपान तरी म्हणायचाच.

मला खरं तर इकडच्या बाजूला यायचं होतं,
टेबलामागे.
हे कुणाला बोललो नव्हतो.
आडगावच्या मैदानावर दोन वर्षं सोळाशे मीटर पळालो.
दुसऱ्या खेपेला मैदान निघालं,
लेखीत अर्ध्या मार्कानं यादी वरच्या वर संपली.
छातीवरचा नंबर, २३१७,
अजून गणिताच्या वहीत चिकटवलेला आहे.

सहाव्या रात्री खरा आला.
एकच सुतळी बॉम्ब लावला होता आम्ही,
शेजारच्या कंपनीच्या वॉचमननं फोन केला.
एकटाच, मोटारसायकलवर, कानटोपी, काखेत काठी.
अकरा गुंडांनी प्लायवूडचे कट्टे पाठीमागे लपवले.
त्यानं सावकाश पाटी वाचली.
"खल कुठंयत?" म्हणाला,
आणि आम्हीच हात वर केले.

हवालदार खैरनार. निवृत्तीला सात महिने.
चहा घेतला.
गांगुर्डे म्हणाला, साहेब, खरंच असा वेढा पडला,
तर पहिल्यांदा काय करतात?
तो बशीवर फुंकर घालत राहिला, चहा केव्हाच निवला होता.
"दार लावायच्या आधी मोजायचं," म्हणाला,
"आपला कुणी बाहेर राहिलाय का."
मग बराच वेळानं,
"आम्ही मोजलं नव्हतं."
बशी स्वतः विसळून ठेवली त्यानं, आणि गेला.

नवव्या रात्री सहावा पोलीस आलाच नाही.
अंबडला डबल ड्युटी लागली होती त्याला.
वर्दी माझ्या अंगावर आली.
खांद्यात घट्ट, कमरेत ढगळ.
बक्कल नंबर काय टाकू? मार्कर उघडून सोपान विचारत होता.
मी सांगितला.

सीन रातोरात बदलला होता.
मी बाहेर राहिलेला शिपाई.
कॅमेरा पाठीमागे. बंद दारावर मुठी आपटायच्या.
कुंपणावरून जो माझ्यावर गोळ्या झाडतो,
तो तिसऱ्या रात्री शूट केलेला मीच, मिशी लावून.
दार उघडायचं नाही असं आतल्यांना बजावलेलं.
आतून मोजणं ऐकू येत होतं,
एक, दोन, तीन, चार, पाच.
मी आपटत राहिलो.
'कट' कधी म्हटलं, कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी लेथवर स्पॅनर धरवेना.

पंचवटीत एका मंगल कार्यालयात पडदा लावला,
आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची माळ तशीच वर.
लोक चिवडा खात हसले.
हसण्यासारखंच होतं बरंचसं.
त्या सीनला, आतला आवाज पाचवर थांबला तेव्हा
मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,
सहा.
वळून पाहिलं तर प्रोजेक्टरचा उजेड थेट डोळ्यात.

घरी जाताना आई स्कूटरवर मागे, गप्प.
चार मरणांबद्दल एक शब्द नाही.
द्वारकेच्या सिग्नलला म्हणाली,
"खांद्यात घट्ट होते रे ती.
उसवून घे जरा."

वर्दी भाड्याची होती,
सकाळीच परत गेली होती.
मी बरं म्हटलं.