कॅसेटची दुसरी बाजू

पिएदाद भर दुपारी आली,
झग्याच्या खिशातून कॅसेट काढून टेबलावर ठेवली,
पावाचा तुकडा ठेवावा तशी.
"बाये, तूं इंग्लीश शिकयता.
म्हज्या लिगोरान कितें म्हळां तें सांग."

सोमवारी बांबोळीला जायचंय.
डॉक्टरांनी विचारलंय, मुलगा गातो म्हणजे काय गातो?
ती म्हणाली होती, आवाज करता.

मी कुडचड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते,
कर्मणी प्रयोग, मुख्याध्यापकांस पत्र,
आणि मराठीच्या बाई रजेवर असल्या की अलंकारही.
गाणं कधी शिकवलेलं नाही.
त्यात हे असं : कुणीतरी गिटारीनं पत्रा फाडतंय,
ड्रम जिन्यावरून गडगडत खाली येतायत,
आणि मधोमध लिगोर,
जो सहावीत माझ्या वर्गात
'हजर' म्हणायलाही लाजायचा.

बटण दाबायचं, थांबवायचं, मागे न्यायचं.
'मी आतून गंजत चाललोय.'
हे लिहून मी पुढे कंसात घातलं : रूपक.
"लोखंड म्हणजे मन, पिएदाद. गंज म्हणजे दुःख."
ती खिडकीतून खनिजाचे ट्रक बघत होती.
नवरा खाणीवर होता तेव्हा
त्याचे शर्ट लिगोरच धुवायचा, म्हणाली.
बादलीतलं पाणी तांबडं, नखं तांबडी,
रविवारी मिसेला हात खिशात घालून बसायचा.
"ताका रूपक म्हणटात?"

'ती साडेनऊला येते आणि माझी जीभ जड करते.'
ही ओळ मी गाळली.
आईसमोर मुलाची पोरगी कशी काढायची?
तिनंच विचारलं, मधे कितें सोडलें?
सांगितलं, तर हसली.
त्या दिवसातलं एकुलतं हसू.
"गोळी ती, बाये. धवी. रातचे साडेनव."

'फ्रिजमध्ये माणसं बोलतात.'
"एकटेपणा असावा," मी सुरू केलं,
आणि माझं मलाच ऐकवेना.
रात्री तो फ्रिज रिकामा करायचा.
अंडी, बांगडे, कालची कढी, सगळं लादीवर,
मग आत डोकं घालून ऐकत बसायचा.
तीही बसली एकदा, त्याच्या खांद्याला खांदा लावून.
"म्हाकाय आयकूंक आयलें," ती म्हणाली.
"पूण भास समजली ना."

तेव्हा आठवलं.
सहामाही परीक्षा, निबंध : माझी खोली.
'रात्री भिंती माझं नाव घेतात.
मी उत्तर दिलं नाही तर रागावतात.'
मी खाली लाल शाईनं लिहिलं होतं : सुंदर कल्पना!
दहापैकी नऊ.
वर्गात वाचून दाखवला,
मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या.
तो बाकावर उभा होता, अंगठा मुठीत दाबून.

पिएदादला हे सांगितलं नाही.
वहीतला 'रूपक' शब्द मात्र खोडला,
इतका की कागद फाटला.

शेवटची ओळ लागेचना.
'मला धर' म्हणतोय की 'जुना मी'?
इंग्रजीत दोन्हींच्या मध्ये
फक्त एक उच्छ्वास.
नऊदा मागे नेली. टेप कुरकुरली.
तिनं कान स्पीकरला लावला,
डोळे मिटले,
बराच वेळ काही बोलली नाही.
"स्वास घेता तो," म्हणाली. "तितलेंच."

मी दोन्ही अर्थ लिहिले, मध्ये स्वल्पविराम.
डॉक्टरांना हवा तो घेऊ देत.
कागदाची चार घड्यांची पुडी करून
ती बसस्टँडकडे गेली,
कॅसेट मशीनमध्येच राहिली.

संध्याकाळी उलटी करून लावली.
बाजू कोरी होती.
नुसती खरखर, खूप वेळ,
लांबून ट्रकचा हॉर्न,
मग चुकून टिपला गेलेला तिचा आवाज,
बहुतेक स्वयंपाकघरातून :
लिगोर, जेवपाक यो.
लिगोर.
खुर्ची सरकते.
काहीतरी पडतं.
"आयलों."