चौथ्या पानावर, बारीक अक्षरात

तिचं खरं नाव एउफेमिया.
क्रेस बेटावर सगळे तिला फूमे म्हणत.
शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी
आडनावाचं शेपूट छाटून इटालियन शेपूट जोडलं,
एका दुपारीत साब्लिचची साबेल्ली झाली.
ती सांगायची, पहिलं भाषांतर माझंच झालं,
तेही मला न विचारता.

घरात चाकावी बोली, शाळेत इटालियन, देवळात लॅटिन,
आणि मेंढरं हाकायला वडिलांचे तीन शब्द,
जे कुठल्याच भाषेत बसत नव्हते.
ते मी तिच्या तोंडून ऐकलेत.
लिहून घेतले नाहीत. चुकलं माझं.

मी भेटले तेव्हा ती पंचेचाळिशीची.
झाग्रेबच्या प्रकाशनसंस्थेत, तिसऱ्या मजल्यावर,
मी मुद्रितं तपासायचे,
ती सुतळीनं बांधलेली बाडं घेऊन धापा टाकत यायची.
दर सोळा पानांना ठरलेले पैसे.
त्यातून हिवाळ्याची लाकडं, मुलाचे बूट,
आणि जहाजावरचा स्वयंपाकी नवरा
ट्रिएस्टला उतरून परतलाच नाही
तेव्हा वकीलसुद्धा.

पुस्तकात तिचं नाव चौथ्या पानावर,
छापखान्याच्या पत्त्याच्या वर, मुंगीएवढं.
मी हळहळले की हसायची:
वाचणारा ठेचकाळला, की शिव्या द्यायला तिथवर येतो.
नाही ठेचकाळला, तर मी नाहीच.
बघ, किती लोकांना मी माहीत नाही!

एकदा एका शब्दासाठी अकरा दिवस अडून बसली.
कादंबरीत समुद्र निपचित पडला होता,
वारा नाही, लाट नाही,
होडीवर तिच्याच सावलीचं ओझं.
तिनं लिहिलं: बोनात्सा.
संपादक म्हणाले, हा कोळ्यांचा शब्द, कोशात नाही.
त्यांनी खोडला. तिनं परत घातला. त्यांनी परत खोडला.
शेवटच्या मुद्रितावर माझी सही होती.
मी तो जाऊ दिला.
बत्तीस वर्षांच्या नोकरीतली माझी एकच चोरी.

कविता ती रद्दी मुद्रितांच्या पाठीवर करायची, बोलीत.
दुसऱ्याच्या वाक्यांचा शिसवी रंग
कागदातून तिच्या ओळींत उतरलेला दिसे.
अठ्ठावन्नाव्या वर्षी एकच पुस्तक, एकेचाळीस पानं.
एका समीक्षकानं आठ ओळी लिहिल्या,
पैकी तीन शुद्धलेखनावर.
उरलेल्या एकशे दहा प्रती पलंगाखाली,
पलंगाचा एक पाय आखूड होता,
तिथे चार लागल्या.

मग देश बदलला. भाषेची झाडलोट सुरू झाली.
नवे संपादक तरुण, नम्र, म्हणाले,
जुनी भाषांतरं पुन्हा छापू, फक्त काही शब्द पलीकडचे आहेत.
यादी दिली.
हजाराला आता हिल्यादा नको, तिसुचा हवं.
सात रात्री ती लाल पेन्सिल घेऊन बसली.
आठव्या सकाळी बाड माझ्या टेबलावर, कोरं.
म्हणाली, दोन्ही शब्दांत मोजून पाहिलं गं.
मेलेली माणसं तेवढीच भरतात.
आगाऊ घेतलेले पैसे परत केले.
त्या हिवाळ्यात लाकडं मी नेऊन दिली.

शेवटी मेंदूत गाठ फुटली.
आधी फ्रेंच गेली, मग इटालियन, मग झाग्रेबची शिष्ट बोली,
पाहुणे निघावेत तशा, एकेक, चपला शोधत.
उरले ते तीन शब्द.
परिचारिका स्लावोनियातली, सपाट शेतांची पोर,
तिनं तक्त्यावर लिहिलं, असंबद्ध बोलते.
पण रात्री फूमेनं तो दुसरा शब्द टाकला
की ती उठून जवळ यायची.
का, ते तिलाही सांगता आलं नाही.

परवा वाचनालयात त्या कादंबरीची नवी आवृत्ती दिसली.
चौथं पान उघडलं. नाव आहे. जरा आणखी बारीक.
मग तो समुद्र शोधला.
तिथे कुणीतरी करून ठेवलंय: शांत पाणी.

मी पिशवीतून पेन्सिल काढली.
ग्रंथपाल बघत होती.
बघू दे.