पावती

निमकरांनी कागद परत सरकवला.
"मुलं चालतात, काकू. नात बसत नाही यात."

नाही कशी?
बसते की रोज, स्कूटीवर मागे,
धनकवडी ते टिळक रोड,
दप्तर मांडीत,
हनुवटी माझ्या पाठीत रुतवून.

काल चिंचवडहून मेसेज आला,
वर्षातला दुसरा:
'फीच्या पावतीचा फोटो पाठव. तीस तारखेच्या आत.'
बाप आहे. त्याला चालते.

पावतीवर भरणाऱ्याचं नाव
कुमुदिनी रणपिसे, माझं,
शाळेच्या कारकुनानं ऱ्हस्व-दीर्घ चुकवलेलं.
पाठवला फोटो.
कोपऱ्यात अंगठा आला,
कणकेचा.

"आजी, डिपेंडंट म्हणजे गं?"
आधी डब्याचं झाकण लाव, म्हटलं.
घट्ट. काल रस्सा सांडला होता
मराठीच्या वहीवर.