साडेबारा इंच

आतोबा गेले, त्यांच्या तेराव्याला
शरयू आत्यानं पानात खीर वाढता वाढता विचारलं,
"बंदूक घेतोस का?"
आणि पळी न थांबवता,
"चाळीस हजार. बाहेरच्याला पस्तीस सांगितलेत.
तू घरचा, तुला परवडतं."

बंदूक म्हटलेलं आतोबांना चालायचं नाही.
नळीच्या आत आटे असतात ती रायफल,
हे त्यांनी मला पाचपाखाडीच्या गॅलरीत बसवून शिकवलं
तेव्हा मला मिशी नव्हती आणि त्यांना दात होते.

आमचं ऐरोलीला, सेक्टर आठ, तिसरा मजला.
लॉफ्टवर मखर, आकाशकंदील, मुलीचा मोडका पाळणा.
केतकी म्हणाली,
"ती ज्या खोलीत राहील त्या खोलीत मी झोपणार नाही."
आमच्याकडे झोपायची खोली एकच आहे.

अर्ज आणला. त्यात एक रकाना:
शस्त्र कोणत्या कारणासाठी हवे?
शेत नाही, रानडुक्कर नाही.
जिवाला धोका नाही. पार्किंगवरून मोरवेकरांशी वाजलंय,
पण ते तेवढ्यावरच राहू दे.
पेन्सिलीनं 'क्रीडा' लिहिलं, चष्मा पुसला,
आणि खोडलं.

शनिवारी ठाण्याला गेलो. रायफल कुतुबभाईंच्या दुकानात जमा आहे,
ठेवणावळ महिन्याला सहाशे.
त्यांनी फडकं सोडलं.
शिलाई मशीनच्या तेलाचा वास.
बोल्ट ओढून रिकामं घर दाखवलं, एकदा मला,
एकदा स्वतःलाच.
"खांद्याला लावा."

लावली.
बसली.

मी पाच फूट तीन.
शर्टाच्या बाह्या, पँटचे पाय,
सगळं आयुष्यभर आखूड करून घेत आलो.
ही आयती बसली.
कुतुबभाईंनी टेप लावली: साडेबारा इंच.
(नवी मुंबईच्या माणसाला साडेबारा म्हटलं
की पुढं टक्के ऐकू येतं आणि प्लॉट दिसतो.
हे इंच होते.)
"दस्ता कापलाय," ते म्हणाले,
"पण मायेनं. कड बघा, अक्रोडाला परत पॉलिश."

आतोबा सहा फूट एक.
आमच्या दारातून मान लववून आत यायचे.

तसाच पाचपाखाडीला. आत्या मटार सोलत होती.
"दस्ता कुणी कापला?"
"वागळे इस्टेटचा एक सुतार होता. शहात्तर साली."
"कुणासाठी?"
तिनं एक शेंग उघडली, आत कीड निघाली,
ती बाजूला ठेवली.
"परवाना त्यांचा," म्हणाली. "नेम माझा."

देवघराच्या खालच्या खणातून,
कापसाच्या वातींच्या पुडक्याखालून,
कागदी टार्गेटं काढली. पिवळी, घडीवर फाटलेली.
पाच पाच भोकं,
एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी.
कोपऱ्यात आतोबांच्या अक्षरात तारीख,
आणि नुसतं: शरयू.

मी म्हटलं, मग तू तुझ्याच नावावर कर ना.
"सत्त्याहत्तर पूर्ण. उजवा हात वेणीपर्यंत जात नाही.
आणि त्या रकान्यात काय लिहू?"
तो रकाना तिनंही पाहिला होता तर.

मग उगाच, सोललेले मटार निवडत,
"श्वास पूर्ण सोडायचा नाही. अर्धा सोडायचा.
आणि मग घाई नसते."

"बरं, चाळीस?" मी विचारलं.
"आता पंचेचाळीस.
आता तुला कळलंय, काय घेतोयस ते."

अर्ज तसाच आहे, फ्रिजवर, वीजबिलाखाली.
केतकीला यातलं निम्मं सांगितलंय.
सकाळी दाढी करताना आरशात
उजवा खांदा जरा पुढं आलेला दिसतो,
काहीतरी टेकेल म्हणून वाट बघितल्यासारखा.

कुतुबभाईंना पुढच्या महिन्याचे सहाशे
भरून आलो.