दुकान वाढवताना

शनिवारी सकाळी काउंटरवर वही पसरून
शाल्मलीने दोन रकाने आखले.
एकात शब्दकोशातला अर्थ,
दुसऱ्यात, शब्द ऐकल्यावर मनात जे जे येतं ते.
सोमवारी द्यायचंय, म्हणाली. दहा शब्द.
मी रिकाम्या फळ्या पुसत होतो.
फ्रिजची वायर काढली
आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
दुकान घोरायचं थांबलं.

बाबा, एखादा शब्द सांगा ना.

पेट, म्हटलं. पेट लिही.

आम्ही आलो तेव्हा नोव्हेंबर होता.
गेट्सहेडच्या या चढावर चारलाच रात्र व्हायची.
डोरीन रॉब्सनने एक दूध घेतलं, एक पेपर,
आणि जाताना म्हणाली, थँक यू, पेट.
मी कोश काढला. पेट : पाळीव प्राणी.
रात्री तुझ्या आईला सांगितलं,
इथं मला कुत्र्यामांजरांत बसवलंय.
ती म्हणाली, मला तर मराठीच ऐकू येतंय.
पेट. म्हणजे जळ!
हीटरच्या मीटरमधले पैसे संपले होते.
अंगात कोट घालून
आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो.

मग केव्हातरी, नक्की कुठल्या वर्षी ते नाही सांगता येत,
त्या शब्दातलं जनावर निघून गेलं.
एकदा डोरीन आठवडाभर इस्पितळात होती.
दिवसभर कुणी पेट म्हटलं नाही
आणि मला थंडी वाजली.

एवढं मावत नाही रकान्यात, शाल्मली म्हणाली.

मग खेद लिही.
जागेच्या मालकाच्या पत्रात पहिल्याच ओळीत आहे,
आम्हाला खेद वाटतो की.
पहिला रकाना तू भर.
दुसऱ्यात लिही : तीस दिवस.

अजून?

वाढणे. मराठी चालेल का?
मिसना विचारते.

तू सहा वर्षांची असशील.
दुधाच्या क्रेटवर आपटून आईची हिरवी बांगडी
(फुटली म्हणायचं नाही)
वाढली, म्हणाली ती.
तू तिचे दोन्ही हात धरून मोजल्यास.
डावीकडे सहा, उजवीकडे पाच.
वाढली कुठे, आई?
हा प्रश्न तू दिवसभर
गिऱ्हाइकांनाही विचारत होतीस.

नारळ वाढवला की त्याची दोन शकलं होतात.
दुकान मी रोज रात्री नऊला वाढवत आलो,
सकाळी ते कालच्याएवढंच.
मोडलं, बंद झालं, असं तोंडाने म्हणायचं नाही,
मोडलेलं ऐकत असतं.
निघणारा माणूसही जातो म्हणत नाही आपल्यात,
येतो म्हणतो,
आणि चपला घालतो.

संध्याकाळी तिने कागदावर ठळक अक्षरांत
क्लोज्ड लिहिलं. छान लिहिलं.
खाली थोडी जागा होती,
मी मार्करने ओळ घातली :
दुकान वाढवले आहे.
या रस्त्यावर ती वाचणारं कुणी नाही.

डोरीन आली, हल्ली काठी घेऊन येते.
चष्मा पुसला, कागद वाचला, पुन्हा वाचला.
हे खाली काय लिहिलंय?
शाल्मलीने माझ्याकडे बघितलं.
शब्दशः? शब्दशः म्हणजे,
आम्ही दुकान मोठं केलंय.
अरे वा, पेट! कुठे?

एक बस चढ चढून गेली.
डोरीनने पेपरचे पैसे काउंटरवर मोजून ठेवले.
पेपर नव्हताच.
ती गेली तशी मी म्हणालो, येतो.
खरं तर जात ती होती.

दहातले तीन शब्द झाले होते, वही दप्तरात गेली.
शटरचा आकडा उंच आहे.
मी सवयीने स्टूल शोधायला लागलो,
ते तर गुरुवारीच विकलं होतं.
शाल्मलीने नुसता हात वर केला
आणि खाली ओढलं.